पायाखालचे अडीच टन

नेहमीची छोटी मोटार घ्या, कुठल्याही कंपनीची. इंजिन साधारण ९० अश्वशक्तीचं. गाडी घेताना हा आकडा आपण आवर्जून विचारतो, त्याच्या खालोखाल ॲव्हरेज विचारतो. आता तीच गाडी, माणसांसकट १,२०० किलोची, ताशी १०० किलोमीटरने पळत असताना कचकन ब्रेक मारा. कोरड्या डांबरावर ती साडेतीन सेकंदांत, पन्नासएक मीटरमध्ये उभी राहील. या साडेतीन सेकंदांत ब्रेकनी सरासरी १७५ अश्वशक्तीने काम केलेलं असतं. पेडल दाबल्याच्या पहिल्या क्षणी तर ३५०. म्हणजे ब्रेक इंजिनाच्या दुप्पट ते चौपट दमदार. शोरूममधल्या पत्रकात हा आकडा मी अजून छापलेला पाहिला नाही.

ही सगळी ताकद जाते उष्णतेत. ब्रेकचं काम एवढंच : वेगाची उष्णता करायची आणि ती हवेत सोडून द्यायची. ताशी १०० वरून शून्यावर येताना ४,६३,००० जूल उष्णता तयार होते. तेवढ्यात दीड लिटर गार पाणी चहासाठी उकळून होईल, तेही साडेतीन सेकंदांत. यातली सत्तरेक टक्के उष्णता पुढच्या दोन डिस्कवर येते, कारण थांबताना गाडी नाक खाली घालते आणि वजन पुढच्या चाकांवर जातं. डिस्क पाच-पाच किलोची धरली, तर एका ब्रेकमध्ये तिचं तापमान सुमारे ७० अंशांनी चढतं. लागोपाठ चार वेळा असं केलंत, तर डिस्क तीनशे अंशांच्या आसपास पोहोचते.

पुण्यातल्या येरवड्यात अर्थातच कुणी १०० वरून थांबत नाही. पर्णकुटी चौकातून गुंजन चौक, तिथून शास्त्रीनगर या पट्ट्यात ताशी ४० गाठली तरी नशीब. ४० वरून थांबताना ७४,००० जूल, डिस्क जेमतेम ११ अंशांनी तापणार. पण वेगाचं गणित सरळ नाही, वर्गाचं आहे. ४० चे ८० केले की उष्णता चौपट होते. १६० केले की सोळापट. १६० म्हणजे काय, हे पोर्शच्या अपघातानंतर कल्याणीनगर-येरवड्याला वेगळं सांगायला नको.

समजा, नगर रस्त्यावरून रोज एक लाख गाड्या जातात आणि दिवसभराच्या प्रवासात प्रत्येक गाडी ४० वरून शंभर वेळा थांबते. एका दिवसात हवेत सोडलेली उष्णता होते २ लाख युनिट विजेइतकी. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या दोन हजार घरांची महिन्याची वीज आपण रोज नुसती थांबण्यात घालवतो.

आता पायाकडे येऊ. पायाने जोर लावला २० किलोचा. पेडल म्हणजे एक तरफ, साधारण एकास चार. त्यामुळे पेडलच्या मागच्या दांड्यावर ८० किलो येतात. मग येतो बूस्टर, बॉनेटखाली चालकाच्या बाजूला बसवलेला तो काळा, ताटलीसारखा चपटा डबा. त्याच्या एका बाजूला इंजिनाने हवा ओढून घेतलेली असते, दुसऱ्या बाजूने बाहेरची हवा दाब देते. पडद्याचा व्यास नऊ इंच असेल, तर ही फुकटची हवा सुमारे २९० किलोचा जोर देते. (पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर, त्यामुळे इथली हवा मुंबईपेक्षा सहाएक टक्के विरळ. त्या हिशेबाने पुणेकराचा बूस्टर जरा अशक्त म्हणायचा, पण पायाला ते कळत नाही.) बेरीज झाली ३७० किलो. हा जोर पडतो मास्टर सिलिंडरमधल्या पिस्टनवर, ज्याचं तोंड जेमतेम सव्वातीन चौरस सेंटिमीटरचं. नळ्यांमधल्या ब्रेक ऑइलचा दाब त्यामुळे जातो ११० बारच्या घरात. टायरमधल्या हवेचा दाब सव्वादोन बार असतो. त्याच्या पन्नास पट दाब बोटापेक्षा बारीक नळीतून चारही चाकांकडे निघतो आणि डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडने आवळणाऱ्या पुढच्या कॅलिपरमधल्या ५४ मिलिमीटरच्या पिस्टनला ढकलतो. तिथे एकेका पॅडवर पडणारा जोर आहे अडीच टन.

पायाचे २० किलो, पॅडवर २,५०० किलो. आणि याच्या बदल्यात मास्टर सिलिंडरने पुढे सरकवलेलं ऑइल किती? नेहमीच्या ब्रेकला तीन-चार सीसी. पॅड सरकतात मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांनी. झीज तर त्याहून अद्‌भुत. पॅडची आठ मिलिमीटर जाडी ४०,००० किलोमीटरमध्ये संपते असं धरा, किलोमीटरला चार वेळा ब्रेक. म्हणजे १,६०,००० ब्रेकमध्ये आठ मिलिमीटर. एका ब्रेकला पॅड झिजतो ५० नॅनोमीटर, करोनाच्या विषाणूच्या निम्मा. विषाणू मोजणारी संस्था पुण्यात आहे, पण ब्रेकची झीज मोजायला तिची गरज नाही. ते काम पायाचा तळवा करतो.

हाच या लेखाचा मुद्दा. एवढ्या अवाढव्य आकड्यांची खबर आपल्याला मिळते ती पेडलच्या चार-पाच सेंटिमीटरच्या हालचालीतून. पेडल जरा खाली गेलं, जरा कडक लागलं, जरा थरथरलं, तर मागे कुठेतरी मोठा हिशेब बिघडलेला असतो. गॅरेजवाल्याकडे जाऊन "ब्रेक लागत नाहीत" एवढंच सांगणं म्हणजे डॉक्टरला "बरं वाटत नाही" म्हणून गप्प बसणं. पेडल नेमकं काय करतंय ते सांगा, निम्मं निदान तिथेच होतं.

सगळ्यात नेहमीची तक्रार म्हणजे पेडल स्पंजी झालं. दाबलं की मऊ लागतं, दोन-तीनदा पंपिंग केलं की वर येतं. कारण बहुतेक वेळा एकच, नळीत हवा. द्रवावर कितीही दाब द्या, तो फारसा आक्रसत नाही. हवा मात्र १०० बारला शंभराव्या हिश्श्याइतकी होते, म्हणजे जवळपास नाहीशीच. नळीत १ सीसी हवा शिरली, तर ती दाबून टाकायला मास्टर सिलिंडरचा पिस्टन ३ मिलिमीटर फुकट सरकावा लागतो. एकास चारच्या तरफेने पेडलवर ते होतात १२ मिलिमीटर. एक सीसी हवा, सव्वा सेंटिमीटर पेडल. चार सीसी हवा असेल तर पेडल जवळजवळ जमिनीला.

ही हवा काढायचं काम बघण्यासारखं असतं. येरवड्यातल्या कुठल्याही गल्लीतल्या गॅरेजात गाडी जॅकवर चढवून ठेवलेली असते. पोरगा आत बसतो, मिस्त्री मागच्या लांबच्या चाकाशी उकिडवा. ब्लीडरच्या निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवलेलं. "मार... मार... मार... धर!" पोरगा पेडल दाबून धरतो, मिस्त्री पान्याने निपल पाव फेरा सैल करतो, नळीतून बुडबुड्यांची माळ निघते, निपल परत आवळलं की मगच "सोड". क्रम चुकला, निपल उघडं असताना पोराने पाय उचलला, की बाहेरची हवा आत. चांगला मिस्त्री बाटलीकडे बघतच नाही, नळीकडे बघतो. बुडबुडे थांबून ऑइल एकसंध येऊ लागलं की पुढचं चाक.

पण याहून वाईट गोष्ट ऑइलमध्ये पाणी शिरण्याची. ब्रेक ऑइल हे खरं तर तेल नाहीच. ग्लायकॉल जातीचा हा द्रव हवेतला दमटपणा शोषून घेतो, झाकण लावलेलं असलं तरी, रबरी पाइपांमधूनसुद्धा. डॉट ४ दर्जाचं नवंकोरं ऑइल २३० अंशांच्या खाली उकळायला नको, असं मानक सांगतं. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच हमी १५५ अंशांवर येते. डॉट ३ ची तर २०५ वरून १४०. घाट उतरताना कॅलिपर तापला आणि आतलं ऑइल उकळलं, की पाण्याची वाफ होते आणि वाफ म्हणजे पुन्हा दाबली जाणारी हवाच. पाण्याचा एक थेंब, एक विसांश सीसी. त्याची वाफ होते ८५ सीसी. मास्टर सिलिंडरची पूर्ण धाव आहे आठ-दहा सीसींची. एका थेंबाने सिलिंडर आठ वेळा हरतो. पाय थेट जमिनीला लागतो आणि गाडी चाललेलीच असते. गंमत अशी की अर्ध्या तासाने, सगळं निवल्यावर, वाफेचं परत पाणी होतं आणि पेडल शहाण्यासारखं टणक लागतं. "आत्ता तर बरोबर आहे की," असं गॅरेजात सगळे म्हणतात. ऑइलचा रंग काळपट चहासारखा झालाय का आणि ते शेवटचं कधी बदललं, हे दोन प्रश्न कुणी विचारत नाही.

दुसरी तक्रार उलटी, पेडल दगडासारखं कडक. इथे संशय बूस्टरवर आणि त्याच्या व्हॅक्युमच्या पाइपवर. बूस्टरची मदत गेली, तर मघाचे २९० किलो हिशेबातून वजा. तोच दाब आणायला पायाने २० ऐवजी ९२ किलो लावायला हवेत, म्हणजे एका पायावर अख्ख्या धिप्पाड माणसाचं वजन. तपासणी घरच्या घरी होते. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा दाबा, ते कडक होईल. मग पाय तसाच ठेवून इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली सरकलं, तर बूस्टर जिवंत आहे. नाही सरकलं, तर गॅरेज गाठा. पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं, कारण बंद इंजिनावर बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरतीच शिल्लक असते.

तिसरी तक्रार लबाड. गुंजन चौकात लाल दिव्याला थांबलात, पाय हलकेच पेडलवर, आणि पेडल मुंगीच्या गतीने खाली बसत जातंय. बाहेर कुठेही गळती नाही, टाकीतली पातळी पूर्ण. मास्टर सिलिंडरमधला रबरी कप झिजलेला असतो आणि ऑइल आतल्या आत मागे निसटत असतं. वेगात जोरात ब्रेक मारला तर तो व्यवस्थित लागतोही, म्हणून लोक महिनोन्‌महिने तशीच गाडी हाकतात.

थरथरणारं पेडल म्हणजे बहुधा डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. केवढा फरक? ०.०२ मिलिमीटर पुरतो, केसाच्या जाडीचा एक तृतीयांशही नाही. मात्र ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर पाय टकटक उडाला, तर ते एबीएस आहे, त्याचं काम करू द्या.

हे सगळं इथवर आलं कसं, त्याची गोष्ट थोडक्यात. १९०२ साली इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये लुई रेनो यांनी ड्रम ब्रेकला रूप दिलं. जिंकला ड्रम, तोही पन्नास वर्षं. सुरुवातीला पेडलपासून चाकापर्यंत सळ्या आणि तारा असत. चारही चाकांच्या तारा सारख्या आवळल्या नाहीत की गाडी एका बाजूला ओढायची. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्ग मोटारीने चारही चाकांना तेलाच्या दाबाचे ब्रेक दिले. हेन्री फोर्ड मात्र अडून बसले. पातळ तेलापेक्षा पोलादी सळईवर त्यांचा भरवसा, म्हणून फोर्डच्या मोटारीला हायड्रॉलिक ब्रेक मिळायला १९३९ उजाडलं. डिस्कचा सूड १९५३ साली, ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत. डिस्क लावलेल्या जॅग्वारने ती जिंकली आणि ड्रमचे दिवस भरले. आपल्याकडे ते भरायला आणखी बराच वेळ लागला. कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी ड्रमवरच थांबायची आणि पावसात ड्रममध्ये पाणी गेलं की थांबायचा विचार करायची. पुढे जळगावसारख्या गावात कल्याणी ब्रेक्सचा कारखाना उभा राहिला, तो नंतर बॉशकडे गेला. केळी आणि सोन्याखेरीज जळगावने देशाला ब्रेकही दिले, हे खानदेशाबाहेर कमी लोकांना ठाऊक असतं.

एबीएस आलं विमानांतून. १९५० च्या दशकात डनलॉपने विमानाची चाकं जाम होऊ नयेत म्हणून यांत्रिक जुगाड बसवला होता. बॉशने १९७८ मध्ये मर्सिडीजसाठी इलेक्ट्रॉनिक एबीएस आणलं तेव्हा त्याचं वजन होतं ६.३ किलो, आज ते किलोभराच्या आसपास आहे. ते सेकंदाला पंधराएक वेळा ब्रेक सोडतं आणि धरतं. ताशी ६० ला गाडी सेकंदात १६.७ मीटर जाते, म्हणजे दर मीटरभराला एकदा निर्णय. जुने ड्रायव्हर शिकवायचे, "ब्रेक तोडून तोडून मार." पायाने सेकंदाला दोनदा-तीनदा जमतं. एबीएसच्या गाडीत तो सल्ला विसरा, पेडल पूर्ण दाबून धरा. भारतात सगळ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं एप्रिल २०१९ पासून.

येरवड्याला बसून ब्रेकची आणखी दोन मापं दिसतात. ऑगस्ट २०२४ पासून येरवडा मेट्रो स्थानक सुरू झालं. भरलेली गाडी समजा १५० टनांची, वेग ताशी ८०. ती स्थानकात थांबताना १० युनिट विजेइतकी ऊर्जा तिच्या अंगात असते. मेट्रो ती सगळी जाळत नाही. मोटरी उलट्या कामाला लागून वीज बनवतात आणि बराचसा भाग तारेत परत देतात. विजेवरच्या मोटारीतही हेच तंत्र, फक्त आकडा लहान : १०० वरून थांबताना एक अष्टमांश युनिट, रुपयाभराची वीज. घाटात मात्र तो रुपया वाढत जातो. दुसरं माप लोहगावच्या विमानतळावर. प्रवासी विमान ६५ टनांचं आणि टेकताना ताशी २५० चं धरा, तर हिशेब १५.७ कोटी जूल. आपली छोटी मोटार १०० वरून ३४० वेळा थांबवल्यासारखं, आणि धावपट्टी आहे अडीच किलोमीटर. चाकांच्या ब्रेकच्या मदतीला इंजिनाचा उलटा झोत असतो. हवाई दलाची सुखोई तर मागे पॅराशूट सोडते.

आणि घाट. खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत साधारण ५०० मीटरचा उतार. छोटी मोटार नुसत्या ब्रेकवर उतरवली तर ५९ लाख जूल, म्हणजे १०० वरून बारा-तेरा वेळा कचकन थांबणं. चाळीस टनांच्या ट्रकला हाच उतार ५४ युनिटांचा, ते सगळं ड्रममध्ये. म्हणूनच बोरघाट उतरण्याआधी रेल्वेगाडी ब्रेक तपासायला थांबते. ट्रकवाल्याला मात्र "गेअरमध्ये उतरव" एवढाच मंत्र. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यातल्या नवले पुलाच्या उतारावर एका ट्रकने डझनावारी गाड्या ठोकरल्या. सुरुवातीला सगळ्यांनी "ब्रेक फेल" म्हटलं. प्राथमिक तपासात पुढे आलं ते असं की चालकाने उतारावर इंजिनच बंद केलं होतं. इंजिन बंद म्हणजे गेअरची रोख गेली आणि एअर ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसरही गेला. त्या रात्रीच्या बातम्यांत यंत्राला दोष होता, तपासात तो माणसाकडे आला.

ब्रेकची सरकारी तपासणीही येरवड्याच्या उंबरठ्यावरची गोष्ट. आळंदी रस्त्यावर फुलेनगरला आरटीओचं कार्यालय आहे. पुण्याच्या श्रीकांत कर्वे यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने बजावलं की फिटनेस द्यायचा तर ब्रेक तपासायला २५० मीटरचा ट्रॅक हवाच. म्हणजे गाडी वेगात आणायला जागा, ब्रेक मारायला जागा आणि ब्रेक लागले नाहीत तर निरीक्षकाला पळायलाही जागा. शहरात एवढी जागा मिळणं मुश्किल, म्हणून पुण्याच्या ट्रक-बसना दिवे गावच्या ट्रॅकची वाट धरावी लागली. माउलींची पालखीही फुलेनगरवरून पुण्यात येते आणि दिवे घाट चढते. वारीला परंपरा आहे, ट्रकवाल्यांना नाइलाज.

पण ट्रक-बसची तपासणी निदान होते तरी. सुरुवातीची आठ वर्षं दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. तुमच्या-आमच्या खासगी मोटारीच्या धुराची तपासणी कायदा दरवर्षी मागतो, ब्रेकची थेट पंधराव्या वर्षी, नोंदणी वाढवताना. मधली पंधरा वर्षं अडीच टनांचा हा कारभार फक्त तुमच्या तळव्याच्या भरवशावर. तेव्हा सर्व्हिसिंगच्या बिलात ब्रेक ऑइल बदलल्याची तारीख शोधा. दोन वर्षं उलटली असतील, तर या रविवारी गाडी धुण्याऐवजी ते बदलून घ्या.